विहिरीवरची मोटार पाणी सोडते, मग काठावरचा कडुनिंब का सोडत नाही?

गिरणाकाठ

आमची विहीर चाळीसगाव तालुक्यात, काळ्या पाषाणात खोदलेली आणि साठ फूट खोल आहे. मोनोब्लॉक मोटार काठाजवळच्या दगडी ओट्यावर बसवलेली आहे. एप्रिल सरत आला आणि पाण्याची पातळी मोटारीपासून अठ्ठावीस-एकोणतीस फूट खाली गेली की मोटार पाणी सोडते. ती फिरत राहते, पण पाईपमधून पाणी येत नाही. वडील अशा वेळी अहिराणीत एवढेच म्हणायचे, "पानी तुटी गय." यंदा मी फूटव्हॉल्व्ह (पाईपच्या खालच्या टोकाची झडप) बदलला, सक्शन पाईपचे सगळे जोड उघडून नवे वायसर घातले, तरीही पातळी तेथे पोहोचली आणि पाणी तुटलेच.

वातावरणाचा दाब पाण्याला जास्तीत जास्त चौतीस फूट वर ढकलू शकतो, हे मी शाळेत शिकलो आहे, त्यामुळे मोटारीचे वागणे मला साधारण समजते. जे समजत नाही ते त्याच विहिरीच्या काठावर उभे आहे. तेथे आजोबांनी लावलेला कडुनिंब आहे. त्याची मुळे विहिरीच्या भिंतीतून खाली उतरलेली दिसतात आणि शेंडा जमिनीपासून पंचेचाळीस फुटांवर आहे. मे महिन्याच्या ऐन दुपारी, मोटार बंद पडलेली असताना, तो हिरवागार असतो. केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते त्यामुळे, झाडात पाणी चढते असे मला एकाने सांगितले, म्हणून मी हिशेब करून पाहिला. झाडातील नळीची त्रिज्या ५० मायक्रोमीटर धरली, तर केशाकर्षणाने पाणी जेमतेम एक फूट चढते. उरलेले चव्वेचाळीस फूट कोण चढवतो?

पाणी वरून खरोखर ओढले जाते असे म्हणावे, तर दोराप्रमाणे ताणले गेलेले पाणी तुटत का नाही? आणि तुटते तेव्हा ते कोठून तुटायला लागते, म्हणजे पहिला बुडबुडा येतो कोठून? येथील जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

धुळ्याचा फिटर

गिरणाकाठ भाऊ, झाडाचे मी सांगू शकणार नाही, परंतु मोटारीचा हिशेब मांडतो, कारण सव्वीस वर्षे हेच काम करत आलो आहे.

चौतीस फूट हा आकडा समुद्रसपाटीचा आणि तोही कागदावरचा आहे. मीटरमध्ये तो १०.३ होतो. आपला भाग समुद्रसपाटीपासून दोन-तीनशे मीटर उंच असल्याने त्यातून साधारण एक फूट कमी होतो, म्हणजे हाती दहा मीटर राहतात. आपली पातळी अठ्ठावीस फुटांवर, म्हणजे साडेआठ मीटरवर गेली की उरतो दीड मीटर. पाणी तीस अंशांचे असेल तर त्याच्या वाफेचा दाब सव्वाचार किलोपास्कल असतो, त्यात आणखी सुमारे चाळीस सेंटिमीटर जातात. फूटव्हॉल्व्हची जाळी, बेंड आणि पाईपमधील घर्षण यांत अर्धा मीटर सहज जातो. पंख्याच्या तोंडाशी पाणी आत घेण्यासाठी पंपाला स्वतःला दोन-तीन मीटर दाब शिल्लक हवा असतो, आणि आपल्याकडे जेमतेम अर्धा मीटर उरतो. म्हणून वायसर कितीही बदलले तरी अठ्ठावीस फुटांवर हे होणारच. मोटार ओट्यावरून उतरवून विहिरीत खालच्या कपारीवर बसवा, किंवा सबमर्सिबल टाका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. पाणी पूर्ण तुटण्याआधी मोटारीतून वाळू-खडी जात असल्यासारखा खरखर आवाज येतो. पुष्कळ लोकांना वाटते की विहिरीतील गाळ वर आला. तो गाळ नसतो. पंख्याच्या तोंडाशी दाब इतका घसरतो की पाणी थंड असतानाच तेथे वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढे दाब वाढताच ते फटाफट मिटतात. असा पंप महिनाभर चालवला तर पंख्याच्या पात्यांना वाळवी लागल्यासारखी भोके पडतात. माझ्याकडे असे दोन पंखे ठेवलेले आहेत आणि नव्या मुलांना मी ते पहिल्याच दिवशी दाखवतो.

अमळनेरचा भौतिकी

फिटर भाऊंनी जे लिहिले ते तंतोतंत बरोबर आहे, आणि गिरणाकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर तेथूनच सुरू होते. मोटार पाणी ओढत नाही. ती पाईपमधील दाब कमी करते आणि विहिरीच्या पाण्यावर टेकलेले वातावरण पाण्याला वर ढकलते. पाईपमधील दाब कितीही उतरला तरी तो शून्याच्या वरच असतो, म्हणून दहा मीटर ही ढकलण्याची मर्यादा आहे, पाण्याच्या बळकटीची नव्हे. गॅलिलिओने १६३८ मध्ये पंपाच्या या मर्यादेचे कारण पाण्याचा स्तंभ स्वतःच्या वजनाने तुटतो असे दिले होते, म्हणजे आपल्या वडिलांचेच म्हणणे वेगळ्या शब्दांत मांडले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत तोरिचेल्लीने पाऱ्याची नळी उभी करून दाखवली आणि खरे कारण वातावरणाचे वजन आहे हे स्पष्ट झाले. पंपापुरता तोरिचेल्ली बरोबर ठरला. परंतु पाणी ताणले जाऊ शकते आणि तुटूही शकते, ही गॅलिलिओच्या मनातील कल्पना स्वतःपुरती खोटी नव्हती.

वायूचा दाब शून्याखाली जाऊ शकत नाही, कारण वायूचे रेणू एकमेकांना धरून ठेवत नाहीत. द्रवाचे तसे नाही. पाण्याचा प्रत्येक रेणू शेजारच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून असतो. एखाद्या बंदिस्त जागेत पाणी भिंतींना घट्ट चिकटलेले असेल आणि भिंती बाहेरच्या दिशेने ओढल्या, तर पाणीही बाहेरच्या दिशेने ओढले जाते आणि त्याची घनता किंचित कमी होते. या अवस्थेतील दाबाला ऋण दाब म्हणतात. तो दाब नसून ताण असतो.

हे कागदावरचे नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो याने १८५० मध्ये जाड काचेच्या बारीक नळीत जवळजवळ काठोकाठ पाणी भरले, थोडीशी पोकळी ठेवून नळी वितळवून बंद केली आणि ती गरम केली. पाणी काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते, त्यामुळे ती पोकळी भरून गेली. मग नळी थंड होऊ दिली, तेव्हा पाण्याने आकसायला हवे होते, पण काचेला चिकटलेले असल्यामुळे ते आकसले नाही. नळी काठोकाठ भरलेलीच राहिली, ताण वाढत गेला आणि शेवटी टक् असा आवाज होऊन बुडबुडा प्रकट झाला. त्याच्या अंदाजानुसार तो ताण सुमारे ५० वातावरणे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ५० पट होता. पुढे १९५० मध्ये अमेरिकेत लायमन ब्रिग्ज याने दोन्ही टोके उघडी असलेली वाकवलेली केशनलिका वेगाने फिरवली आणि मध्यभागी अपकेंद्री बलाने ताणलेले पाणी २७७ बारपर्यंत (एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण) टिकलेले पाहिले. २७७ बार म्हणजे सुमारे २.८ किलोमीटर लांबीचा पाण्याचा स्तंभ लटकवला असता वरच्या टोकाशी जेवढा ताण येईल तेवढा ताण. पंचेचाळीस फुटांचा कडुनिंब त्यापुढे किती लहान आहे ते पाहावे.

भुसावळकर

मी एका औष्णिक वीजकेंद्रातून निवृत्त झालो आहे आणि बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपांवर माझी निम्मी नोकरी गेली. त्या पंपांना पाणी देणारी डीएरेटरची, म्हणजे पाण्यातील हवा काढून टाकणाऱ्या यंत्राची टाकी मुद्दाम कित्येक मीटर उंचावर बसवलेली असते, कारण तेथील पाणी उकळण्याच्या बेतात असते आणि पंपाच्या तोंडाशी दाब जरासा घटला तरी त्याची वाफ होते. त्यामुळे माझी एक शंका आहे आणि ती मी आग्रहाने मांडतो.

दाब वाफेच्या दाबाखाली गेला की पाण्याची वाफ होते, हा नियम आम्ही आयुष्यभर पाळला. तीस अंशांच्या पाण्याला सव्वाचार किलोपास्कलच्या खाली नेले की ते उकळलेच पाहिजे. मग ते शून्याच्याही खाली, उणे कित्येक बारपर्यंत, द्रवच कसे राहील? दुसरे असे की सगळ्या पाण्यात हवा विरघळलेली असते. ताण आला की ती हवा बाहेर येणारच. बर्थेलो आणि ब्रिग्ज यांनी पाणी उकळून, हवा काढून वापरले असेल. झाडाच्या मुळांना हवा काढलेले पाणी कोण देतो?

अमळनेरचा भौतिकी

भुसावळकर साहेब, आपला नियम कारखान्यात शंभर टक्के पाळला पाहिजे, आणि तो तेथे खरा का ठरतो याचेही कारण आहे. मात्र तो नियम एवढेच सांगतो की त्या दाबाखाली वाफ ही अधिक स्थिर अवस्था असते. द्रवाने ताबडतोब तिच्याकडे गेलेच पाहिजे असे तो सांगत नाही. मधे एक घाट आहे.

गिरणाकाठ चाळीसगावचे आहेत, म्हणून कन्नड घाटाचा दाखला देतो. पाण्यात बुडबुडा निर्माण करायचा तर त्याला पृष्ठभाग द्यावा लागतो. पाण्याचा पृष्ठताण खोलीच्या तापमानाला दर मीटरला ०.०७२ न्यूटन असतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटर नवीन पृष्ठभागासाठी ०.०७२ ज्यूल ऊर्जा मोजावी लागते. हा खर्च त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. बुडबुडा झाल्यामुळे ताण सैल होतो, ही झाली कमाई, आणि ती त्रिज्येच्या घनाने वाढते. त्रिज्या लहान असताना वर्ग घनापेक्षा जड पडतो, त्यामुळे लहान बुडबुडा तोट्यात असतो आणि स्वतःहून मिटतो. एका ठरावीक त्रिज्येला खर्च आणि कमाई यांतील अंतर सर्वाधिक होते, तोच घाटमाथा. त्या त्रिज्येचे सूत्र साधे आहे: पृष्ठताणाची दुप्पट भागिले ताण. त्यापलीकडे गेलेला बुडबुडा उताराला लागतो आणि मग त्याला कोणीही थांबवू शकत नाही.

आकडे घालून पाहू. ताण एक मेगापास्कल, म्हणजे सुमारे दहा वातावरणे असेल, तर माथ्यावरच्या बुडबुड्याची त्रिज्या १४४ नॅनोमीटर येते आणि त्या घाटाची उंची खोलीच्या तापमानाला रेणूंकडे असणाऱ्या उष्मीय ऊर्जेच्या पंधरा लाख पट भरते. रेणूंची धडपड योगायोगाने एकाच जागी एकवटून एवढा घाट चढेल, अशी वाट पाहत विश्वाचे वय संपून जाईल. म्हणून शून्याच्या खालचे पाणी द्रवच राहते. या अवस्थेला मितस्थायी म्हणतात: सर्वांत खालच्या जागी नाही, पण घाटाच्या अलीकडच्या खोलगट जागी बसलेली.

घाटाची उंची ताणाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. ताण दुप्पट केला की घाट चौथ्या हिश्शाचा होतो. ताण १४० मेगापास्कलपर्यंत नेला, तर माथ्यावरचा बुडबुडा अवघ्या एका नॅनोमीटर त्रिज्येचा असतो आणि घाट उष्मीय ऊर्जेच्या ७५ ते ८० पट इतकाच उरतो. एवढा घाट मात्र असंख्य रेणूंपैकी कोठेतरी, सेकंदाच्या काही भागात, केवळ उष्णतेच्या थरथरीने ओलांडला जातो. पूर्ण शुद्ध पाण्याची बळकटी या हिशेबाने हजार वातावरणांच्या पुढे जाते.

आता आपली दुसरी शंका, जी अधिक मोलाची आहे. विरघळलेली हवा आणि अडकलेली हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरघळलेल्या हवेचे रेणू पाण्यात सुटे विखुरलेले असतात. त्यांनाही बुडबुडा व्हायचे तर तोच घाट चढावा लागतो, आणि नेहमीच्या पाण्यातील हवा त्या घाटाच्या हिशेबात साधारण एका वातावरणाचाच फरक पाडते. दगा देते ती अडकलेली हवा: धुळीच्या कणाच्या भेगेत, पाईपच्या गंजाच्या खळग्यात, जेथे पाणी पोहोचलेच नाही अशा तेलकट कपारीत बसलेला हवेचा कण. तो आधीपासूनच घाटाच्या पलीकडे असतो. १९४० च्या दशकात न्यूटन हार्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा भेगांतील हवेचे महत्त्व दाखवून दिले. पाण्यावर आधी प्रचंड दाब दिला की ती अडकलेली हवा विरघळून जाते. हवा तेवढीच असते, फक्त जागा बदलते, आणि तेच पाणी ताणाखाली कितीतरी बळकट ठरते. आपल्या पंपांत, लोखंडी पाईपांत, गाळाच्या पाण्यात अशा कपारी अब्जावधी असतात, म्हणून तेथे वाफेच्या दाबाचा नियम कधीही चुकत नाही.

आपल्याकडे कापूस पिकतो, म्हणून एवढे म्हणतो की सूत त्याच्या सरासरी जाडीवर तुटत नाही, ते सर्वांत बारीक जागी तुटते. पाण्याचेही तसेच आहे.

सातपुडा पायथा

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि या धाग्यावर झाडाची बाजू मांडणारे कोणी नाही, म्हणून लिहिते आहे.

झाड पाणी ओढते ते पानांतून. पानातील पेशींच्या भित्तिका सेल्युलोजच्या, ओल्या आणि अत्यंत सूक्ष्म छिद्रांच्या असतात. बाष्पोच्छ्वासाने पाणी उडाले की त्या छिद्रांतील पाण्याचा पृष्ठभाग आत वाकतो, आणि छिद्र नॅनोमीटरच्या मापाचे असल्यामुळे तो वाकलेला पृष्ठभाग प्रचंड ताण पेलू शकतो. गिरणाकाठ यांनी केशाकर्षणाचा हिशेब खोडातील नळीच्या त्रिज्येवर केला, म्हणून एक फूट आला. तो पानातील छिद्रांवर करावयास हवा होता. तेथून ताण पाण्याच्या अखंड धाग्याने खोडातून मुळांपर्यंत पोहोचतो. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये ही मांडणी केली, तेव्हा पाणी एवढा ताण सहन करते यावर पुष्कळांचा विश्वास बसला नव्हता. १९६५ मध्ये शोलँडर यांनी तोडलेल्या फांदीवर दाब देऊन तिच्यातील ताण मोजण्याची सोपी रीत रूढ केली. कोरड्या प्रदेशातील झाडांत दुपारी एक ते तीन मेगापास्कल ताण मोजला जातो, म्हणजे दहा ते तीस वातावरणे. पंपाला जे एक वातावरण मिळते, त्याच्या कितीतरी पट.

आता पाणी का तुटत नाही, याचे जे उत्तर मला सर्वांत सुंदर वाटते ते सांगते. जलवाहिनी, म्हणजे झाडातील पाणी वाहणारी नळी, ही मेलेली पेशी असते, पण ती जन्मतः पाण्याने भरलेली असते. जिवंत असताना तिच्यात द्रव होता. ती मेली, आतले सगळे विरघळून गेले आणि पोकळ नळी उरली, तरी त्या नळीत हवा कधी शिरलीच नाही. आपला पाईप आपण कोरडा आणतो आणि मग भरतो, त्यामुळे त्याच्या भिंतीतील प्रत्येक खाचेत हवा राहून जाते. झाडाचा पाईप कधी कोरडा नव्हताच. शिवाय मुळांत शिरणारे पाणी जिवंत पेशींच्या पटलांतून गाळून जाते, त्यामुळे धूळ किंवा बुडबुडा आत येऊ शकत नाही. विरघळलेली हवा येते, परंतु तिने फारसे बिघडत नाही, हे सरांनी वर सांगितलेच आहे.

तरीही झाडात पाणी तुटते, आणि दुष्काळात फार तुटते. त्याचे कारण बहुतेक वेळा पाण्याच्या पोटात निर्माण झालेला बुडबुडा नसतो. एका जलवाहिनीतून दुसरीत पाणी जाते ते भिंतीतील खळग्यांच्या पातळ पडद्यांतून. शेजारची वाहिनी इजेमुळे हवेने भरलेली असेल आणि ताण वाढत गेला, तर त्या पडद्याच्या सर्वांत मोठ्या छिद्रातून हवा आत खेचली जाते. ताण दोन मेगापास्कल असेल तर ७२ नॅनोमीटर त्रिज्येचे छिद्र पुरेसे होते. हवा शिरताच ती वाहिनी क्षणात रिकामी होते आणि बारीक आवाज करते. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन यांनी पानाच्या देठाशी संवेदक लावून हे आवाज ऐकले होते. पुढे कानाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत लहरींवरही ते मोजले जाऊ लागले.

मोटारीशी खरा फरक येथे आहे. पाईपमध्ये एक बुडबुडा शिरला की सगळा स्तंभ कोसळतो. झाडात वाहिन्यांचे हजारो कप्पे असतात आणि तेच पडदे तुटलेल्या वाहिनीतील हवा पुढे जाऊ देत नाहीत. एक कप्पा गेला तरी पाणी शेजारून वाट काढते. कडुनिंबातही मे महिन्यात काही वाहिन्या तुटत असणार, परंतु कडुनिंब त्याच्या हजारो वाहिन्यांवर उभा आहे.

नेच्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. पावसाळ्यात तोरणमाळच्या बाजूला कड्यांवर नेचे उगवतात. त्यांच्या पानांमागे बीजाणूंच्या बारीक पिशव्या असतात, आणि प्रत्येक पिशवीभोवती पाण्याने भरलेल्या पेशींची कमान असते. पाणी उडत जाते तशी ती कमान धनुष्यासारखी उलट ताणली जाते, आतील ताण कित्येक मेगापास्कल होतो, आणि मग पेशींत एकदम बुडबुडे होऊन कमान सुटते व बीजाणू फेकले जातात. आपण ज्याला बिघाड म्हणतो आहोत, त्याचाच नेच्याने गोफणीसारखा उपयोग केलेला आहे.

रावेरची केळी

ताई, आमच्याकडे केळीची पाने उन्हाळ्यात दुपारी मधल्या शिरेपाशी दुमडून खाली लोंबतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. पाणी भरपूर दिलेले असले तरी हे होते. ही पाणी तुटल्याची खूण आहे काय? तसे असेल तर रात्रीतून ते सांधले कसे जाते?

सातपुडा पायथा

दुमडणे ही तुटल्याची खूण नाही. ती तुटू नये म्हणून केळीने घेतलेली काळजी आहे. पान दुमडले की उन्हाला सामोरे जाणारे क्षेत्र कमी होते, पाणी कमी उडते आणि ताण मर्यादेत राहतो. केळ फार ताण सोसणारी नव्हे, ती पानांवरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे रंध्रे, लवकर मिटते. रात्री बाष्पोच्छ्वास जवळजवळ थांबतो आणि मुळे खालून पाणी ढकलतात, म्हणजे केळीत रात्री काही काळ ताणाऐवजी खरोखरचा दाब असतो. ज्या वनस्पतींत असा मूळदाब असतो त्यांच्या बारीक बुडबुड्यांतील वायू पुन्हा पाण्यात विरघळू शकतो. उंच वृक्षांत हे दुरुस्तीचे काम किती आणि कसे होते, यावर मात्र अभ्यासकांमध्ये अजून वाद चालू आहेत.

जळगावचा विद्यार्थी

सर, मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. हिशेबाने शुद्ध पाण्याने हजार वातावरणांच्या पुढे टिकायला हवे, असे आपण लिहिले. ब्रिग्जला मात्र २७७ बारच मिळाले. मग हिशेब चुकला की प्रयोग?

आणखी एक, थोडे बाजूचे. सावद्याच्या खाणीतून काढलेला एक स्फटिक माझ्याकडे आहे. त्याच्या आत पाण्याचा थेंब अडकलेला आहे आणि त्यात एक बुडबुडा हलतो. बर्थेलोच्या नळीसारखा तो गरम करून पाहावा काय?

अमळनेरचा भौतिकी

आधी स्फटिकाचे: कृपया गरम करू नका. बुडबुडा नाहीसा होईपर्यंत तापवल्यावर आतील पाण्याला प्रसरणाला जागाच उरत नाही, त्यानंतर प्रत्येक अंशाला दाब झपाट्याने वाढतो आणि आपल्या भागातले स्फटिक ठिसूळ असतात. ते तडकून हातात येतील.

परंतु आपण नकळत अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. पाण्याला आजवर मिळालेला सर्वांत मोठा ताण स्फटिकाच्या पोटातच मिळालेला आहे. १९९१ मध्ये ऑस्टिन अँजेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत क्वार्ट्झमध्ये पाण्याचे मायक्रोमीटरच्या मापाचे थेंब अडकवले आणि बर्थेलोच्याच रीतीने तापवून थंड केले. काही थेंब ४२ अंशांच्या आसपास सुमारे १४० मेगापास्कल, म्हणजे १४०० बार ताणापर्यंत टिकले. हा आकडा घाटाच्या हिशेबाशी जुळतो. थेंब इतका लहान असतो की त्यात कपारीचा किंवा धुळीचा कण नसण्याची शक्यता बरीच असते, आणि क्वार्ट्झची भिंत पाण्याला घट्ट धरते.

असे असूनही प्रश्न मिटलेला नाही. पॅरिसमध्ये हर्बर्ट, बालिबार आणि कोपँ यांनी २००६ मध्ये पाण्याच्या मधोमध ध्वनिलहरी एकवटून पाणी ताणले, म्हणजे भिंतीचा संबंधच ठेवला नाही. त्यांना शून्य अंशाला २६ मेगापास्कल आणि ८० अंशांना १७ मेगापास्कल एवढ्यावर बुडबुडे मिळाले. २००८ मध्ये व्हीलर आणि स्ट्रूक यांनी हायड्रोजेलचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाचे, कृत्रिम झाड बनवले, त्यातील पाणी सुमारे २२ मेगापास्कलवर तुटले. ब्रिग्जचे २७.७ मेगापास्कल याच गटात बसतात. वेगवेगळ्या रीती, वेगवेगळे पाणी, आणि तरीही बहुतेक प्रयोग तिसाच्या आत अडकतात. फक्त स्फटिकातील थेंब शंभराच्या पलीकडे जातात.

हिशेबातही एक कच्चा दुवा आहे. एका नॅनोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याला आपण बादलीतील पाण्याचा पृष्ठताण लावतो, ज्यात पृष्ठभाग सपाट धरलेला असतो. एवढ्या लहान बुडबुड्याला पृष्ठभाग आहे असे तरी कितपत म्हणता येते? २०१६ मध्ये व्हिएन्नातील डेलागो यांच्या गटाने माद्रिद व ल्योंमधील संशोधकांसह संगणकावर रेणू-रेणूंनी बनलेले पाणी ताणून ही पायरी तपासली. तेथे दिसलेले पहिले बुडबुडे गोल नव्हते. ते हायड्रोजन बंधांच्या जाळ्यातील वेड्यावाकड्या पोकळ्या होत्या, वाढत जाताना त्या आटोपशीर आणि गोलसर होत गेल्या, आणि त्यांच्या वाढीचा वेग पाण्याच्या चिकटपणाने ठरत होता. पृष्ठभागाच्या वक्रतेची दुरुस्ती केली की जुना हिशेब बराच सावरतो, आणि हे काम मोठ्या ताणाच्या, म्हणजे स्फटिकांच्या बाजूने कौल देते. माझे मतही त्याच बाजूला झुकते: तिसाच्या आसपास तुटणारे पाणी कोणत्या तरी अशुद्धीवर तुटत असावे. पण मग इतक्या वेगळ्या प्रयोगांत ती अशुद्धी एकसारखी कशी, याचे उत्तर देता आल्याशिवाय ते मत पुरे होत नाही. आपल्याला संशोधनाला विषय हवा असेल तर हा घ्या.

धुळ्याचा फिटर

सरांना एक विचारतो. बुडबुडा तयार होण्याचे समजले, पण माझ्या पंख्यांना भोके पडतात ती बुडबुडा मिटताना. एवढासा वाफेचा बुडबुडा पोलादी पाते कसे खातो?

अमळनेरचा भौतिकी

बुडबुड्यात वाफ असते, ती मिटताना विरून जाते आणि सगळीकडून धावणाऱ्या पाण्याला अडवायला आत काहीच उरत नाही. सर्व बाजूंच्या पाण्याची गती एका बिंदूवर एकवटते. लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये याचे गणित मांडले, आणि त्या बिंदूपाशी दाब हजारो वातावरणांवर जाऊ शकतो असे दिसून आले. बुडबुडा पात्याला लागून असेल तर तो एका बाजूने खचतो आणि पाण्याची बारीक धार पात्यावर आदळते. ब्रिटिश आरमाराच्या वेगवान जहाजांचे पंखे १८९० च्या दशकात अशाच बुडबुड्यांमुळे अपेक्षित वेग देईनात, तेव्हा या प्रकाराला कॅव्हिटेशन हे नाव मिळाले. आपल्या ओट्यावरची मोटार आणि त्या युद्धनौका यांचे दुखणे एकच आहे.

भुसावळकर

सर, माझ्या दोन्ही शंका फिटल्या. डिझेल इंजिनाच्या लायनरला (सिलिंडरच्या आतील नळीला) पाण्याच्या बाजूने पडणारी भोकेही याच प्रकारची, लायनर थरथरतो तेव्हा क्षणभर पाणी ताणले जाते, हे आता जोडून पाहता आले. बर्थेलोची नळी मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी अशी इच्छा आहे. आपल्या प्रयोगशाळेत ते जमेल काय?

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. फिटर भाऊंच्या सल्ल्याप्रमाणे गेल्या आठवड्यात मोटार बारा फूट खाली कपारीवर उतरवली. पाणी तुटत नाही आणि खरखरही नाही. काल दुपारी कडुनिंबाच्या खोडाला बराच वेळ कान लावून बसलो होतो. काहीही ऐकू आले नाही, आणि ताईंनी लिहिलेल्या श्राव्यातीत लहरी माणसाच्या कानाला येणार नाहीत हे ठाऊक असूनही बसलो होतो.

अमळनेरचा भौतिकी

भुसावळकर साहेबांच्या सांगण्यावरून नळी करून पाहिली, त्याचा वृत्तांत देतो. जाड काचेची केशनलिका आम्लाने धुतली, उकळलेल्या पाण्याने भरली आणि दोन्ही टोके ज्योतीवर बंद केली. पहिल्या दोन नळ्या बंद करतानाच फुटल्या. कोणी करणार असेल तर डोळ्यांवर चष्मा आणि समोर जाड पारदर्शक पडदा असल्याशिवाय करू नये. तिसरी टिकली. कोमट पाण्याच्या भांड्यात ती हळूहळू तापवली, तेव्हा ४१ अंशांच्या जवळ बुडबुडा लहान होत होत दिसेनासा झाला. मग भांडे थंड होऊ दिले. ४० झाले, ३८ झाले, नळी भरलेलीच होती. या तापमानाला पाणी आकसू न दिल्यास दर अंशाला सुमारे साडेसात वातावरणे ताण वाढतो, म्हणजे आमच्यासमोरच्या त्या नळीतील पाणी तेव्हा वीसच्या वर वातावरणांनी ताणलेले असावे; काच थोडी दबते, त्यामुळे खरा आकडा याहून काहीसा कमी धरावा. ३६ अंशांच्या खाली उतरताच टक् असा स्पष्ट आवाज आला आणि बुडबुडा परत दिसला. खोलीतील सात विद्यार्थ्यांनी तो आवाज ऐकला.

तोच प्रयोग त्याच नळीवर अकरा वेळा केला. तुटण्याचे तापमान दर वेळी थोडे बदलले, पण बुडबुडा अकराही वेळा एकाच जागी, काच वितळवून बंद केलेल्या टोकापासून दोन मिलिमीटरवर प्रकट झाला. भिंगातून पाहिले तर तेथे काचेला एक बारीक सुरकुती आहे. पुढच्या नळीचे टोक अधिक संथपणे बंद करून पाहणार आहे.

भुसावळकर

पुढची नळी कराल त्या दिवशी कळवा, मी सकाळच्या गाडीने अमळनेरला येतो.

धुळ्याचा फिटर

मीही येतो. येताना तो भोके पडलेला पंखा घेऊन येईन.